पीएसआयचे स्टार कुरिअरने मागवणारं गिऱ्हाईक

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. सोलापुरात पोलीस लाइनीजवळ आमचं टेलरिंगचं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, आता वडील बघतात. खाकी शिवतो, शिवाय टोपी, बेल्ट, शिट्टीची दोरी, खांद्याचे स्टार, फिती, नेमप्लेट असं सगळं ठेवतो. मी बी.कॉम. करून दुकानातच बसलो आणि गेल्या वर्षी माल ऑनलाइन टाकला. बरा खपत होता. मग एका साइटने आमचे स्टार, टोपीचा बॅज आणि 'पीएसआय फुल सेट' या सगळ्या जाहिराती एका दमात उडवल्या आणि खातं थांबवलं. कारण विचारलं तर 'निर्बंधित वस्तू' एवढंच. त्याच आठवड्यात व्हॉट्सअॅपवर एकाने फुल सेट मागितला. धाकटा भाऊ पीएसआय झालाय, ट्रेनिंगला जायच्या आधी गावच्या सत्कारात घालायचाय म्हणे. ओळखपत्र मागितलं तर 'अजून मिळायचंय'. मी मागायच्या आत त्याने जास्तीचे पैसेही पाठवून दिले. वडील म्हणतात, परत कर. मी म्हणतो, कापड विकणं हा काय गुन्हा आहे? घालणाऱ्याने पुढे काय करायचं ते आपण कसं ठरवणार? यावरून घरात रोज जुंपते. आर्मी प्रिंटचे टी-शर्ट ठेवायचाही विचार आहे. आणि एका भंगारवाल्याकडून दोन जुनी लष्करी पदकं मिळालीत, त्यांना परदेशातून गिऱ्हाईक आलंय. यातलं काय चालतं, काय नाही?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी पैसे परत करा, बाकीचं मग बोलू. परत करताना ज्या खात्यातून आले त्याच खात्यात गेले पाहिजेत. 'तो नंबर आता बंद आहे, या क्यूआरवर टाका' असं उत्तर आलं तर अजिबात टाकू नका, बँकेच्या शाखेत जाऊन लेखी द्या. फसवणुकीचा पैसा असाच एका खात्यातून दुसऱ्यात फिरवतात. तुमच्याकडे आलेली रक्कम उद्या कुणा तिसऱ्याच्या तक्रारीतली निघाली तर पोलीस तुमचं खातं गोठवतील, आणि गोठलेलं खातं मोकळं करून घेता घेता धंद्याचा एक हंगाम निघून जातो. संभाषण पुसू नका, तसंच राहू द्या.

आता त्या गिऱ्हाइकाची गोष्ट घ्या. ती ऐकल्या ऐकल्या तुमच्या वडिलांच्या कपाळावर आठी का पडली असेल, ते मी सांगू शकते. एमपीएससीतून पीएसआय म्हणून निवड झालेला मुलगा नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस प्रबोधिनीत जातो, प्रशिक्षण पुरं करतो आणि दीक्षांत संचलनाच्या दिवशी त्याच्या खांद्यावर स्टार लागतात. आई एका खांद्याला आणि वडील दुसऱ्या खांद्याला स्टार लावताहेत, हा फोटो तुम्ही दर वर्षी पेपरात पाहता. प्रशिक्षणाला जायच्या आधी दोन स्टार आणि लाल-निळी फीत कुणाच्याच खांद्यावर नसते. म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाची गोष्ट त्याच्याच तोंडून खोटी ठरली. भाऊ खरंच निवडला गेला असेल, तर रुजू होण्याआधीच वर्दी घालून मिरवलेला फोटो त्याच्याच नोकरीच्या मुळावर येईल. सत्काराला फेटा बांधतात, शाल-श्रीफळ देतात. वर्दी कुणी मागत नाही.

आणि भाऊ निवडलाच गेला नसेल तर? हे मी जरा सावकाश लिहिते, कारण अशा मुलांचे पालक माझ्यासमोर येऊन बसलेले आहेत. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या पोरांत एखादा असतो, ज्याला 'यंदाही राहिलं' हे घरी सांगवत नाही. तो 'झालं' म्हणून टाकतो. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो, देवळात पेढे वाटले जातात, सोयरीक चालून येते. मग फोटो लागतो आणि फोटोसाठी वर्दी लागते. वर्दी एकदा अंगावर चढली की ढाब्यावर बिल मागत नाहीत, टोलवर गाडी अडत नाही आणि गावातला कुणीतरी म्हणतो, 'साहेब, आमच्या पोराचं भरतीत बघा की जरा, काय लागेल ते देऊ.' तिथून पुढे प्रकरण थेट फसवणुकीचं होतं. तुमचं गिऱ्हाईक अट्टल ठग आहे असं मी म्हणत नाही. तो असा एखादा हतबल पोरगाही असू शकतो, आणि तसा असेल तर तुमचं पार्सल न पोहोचणं त्याच्याही हिताचंच आहे.

तुमचा कायद्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्यात तुम्ही अर्धे बरोबर आहात. पोलिसांचा गणवेश विकायला परवाना हवाच, किंवा तो विकणं हाच गुन्हा, असा सरसकट केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. पोलिसाला वर्दी कुठेतरी शिवून घ्यावीच लागते, म्हणून तर प्रत्येक लाइनीबाहेर तुमच्यासारखं एक दुकान असतं. कायद्याने धरलंय ते घालणाऱ्याला. भारतीय न्याय संहितेचं कलम २०५ सांगतं की लोकसेवक नसताना, लोकांनी आपल्याला तसं समजावं म्हणून किंवा ते तसं समजतील हे माहीत असताना त्याचा वेश किंवा चिन्ह वापरलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच कलम १७१ होतं आणि दंड होता दोनशे रुपये! सैनिक, नौसैनिक, वायुसैनिकाच्या वेशासाठी वेगळं कलम १६८ आहे. तोतयेगिरी करून त्या पदाच्या नावाखाली एखादं कृत्य केलं, तर कलम २०४ लागतं आणि तिथे किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं आत बसावं लागतं. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. पहिल्या दोन्ही कलमांचा भार इराद्यावर आणि जाणिवेवर आहे. म्हणूनच गॅदरिंगमध्ये इन्स्पेक्टर झालेला आठवीतला मुलगा किंवा राज्य नाट्य स्पर्धेतला हवालदार गुन्हेगार ठरत नाही.

ब्रिटनमध्ये कायदा याहून कडक आहे. तिथे पोलीस नसलेल्याकडे पोलिसी गणवेशाची नुसती एखादी वस्तू सापडली, तरी ती आपण रीतसर आणि रास्त कामासाठी घेतली हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे तसं नाही, यावर बहुधा तुमचा युक्तिवाद उभा आहे.

पण तुम्ही चुकता ते इथेच. 'घालणाऱ्याचं तो बघेल' हे विक्रेत्याला तेव्हाच म्हणता येतं, जेव्हा त्याला काही माहीत नसतं. तुम्ही ओळखपत्र मागितलंत, ते मिळालं नाही, कारण दिलं ते न पटणारं, आणि हे सगळं तुमच्याच फोनवर तारीखवेळेसह लिहिलेलं आहे. एवढं होऊनही माल पाठवला असता, तर 'मला शंकाच आली नाही' असं कोर्टात कोणत्या तोंडाने सांगितलं असतं? गुन्ह्याला मदत या सदराखाली पोलीस तुमच्यापर्यंत पोहोचले असते, आणि सरकारी वकिलाला तुमचं व्हॉट्सअॅपच पुरलं असतं. न विचारता विकणाऱ्यापेक्षा, विचारून, उत्तर न मिळाल्यावरही विकणारा जास्त अडकतो.

आता साइटने तुमचा माल का उडवला ते. ऑनलाइन बाजारपेठ ही कायद्याच्या भाषेत मध्यस्थ असते. विक्रेत्याच्या चुकीचं खापर तिच्यावर फुटू नये म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ खाली तिला जे संरक्षण मिळतं ते तिने काळजी घेतली तरच टिकतं. त्यामुळे कायद्यात जिथे करडं आहे तिथे साइट स्वतःच्या नियमात काळं करून टाकते. ईबेसारख्या जुन्या परदेशी साइटनीही पोलिसी वस्तूंसाठी वेगळी बंधनं केव्हाच घातली. साइटला तुमच्या आजोबांचं नाव ठाऊक नाही. स्टार सोलापुरातून चाललेत की आणखी कुठून, घेणारा फौजदार आहे की भामटा, हे तिला कळायचा मार्ग नाही. मग ती सरसकट 'नाही' म्हणते. त्यांच्याशी भांडण्यात वेळ घालवू नका. खातं सुरू करून घ्यायचं असेल तर स्टार, बॅज, नेमप्लेट कायमचे काढले असं लेखी कळवा.

काउंटरवर मात्र वडिलांना ते कळतं. वडील नेमप्लेट कशी घेतात ते एकदा बारकाईने पाहा. कागद पुढे सरकवून सहज विचारतील, 'कुठल्या ठाण्याला? बक्कल नंबर काय टाकू?' शिपाई, हवालदार असेल तर तो आकडा स्वतःच्या जन्मतारखेसारखा धाडकन सांगतो. आणि अंगात फौजदाराची ऐट आणलेला कुणी 'बक्कल नंबर नंतर कळवतो' म्हणाला, की वडिलांनी ओळखलं. बक्कल नंबर अंमलदारांना असतो, पीएसआयला नसतोच. हा प्रश्न कुठल्याही ऑनलाइन फॉर्मात बसवता येणार नाही.

तुम्ही म्हणाल, मग ऑनलाइनवाल्याकडूनही ओळखपत्राचा फोटो घेतो. नका घेऊ, दोन कारणांनी. एक तर फोटो काहीच सिद्ध करत नाही. 'मी आर्मीत आहे, बदली झालीय, बुलेट स्वस्तात द्यायचीय' या ओएलएक्सवरच्या फसवणुकीत कितीजण फसले ते तुमच्याही ओळखीत निघतील. त्या ठगांकडे खऱ्या जवानांच्या ओळखपत्रांचे आणि कॅन्टीन कार्डांचे फोटो असतात. कुणी विश्वास ठेवला नाही की लगेच कार्ड पुढे. दुसरं कारण तुमच्या जास्त जवळचं आहे : ते फोटो त्यांच्याकडे येतात कुठून? जिथे जिथे कुणी 'आयडी व्हॉट्सअॅप करा' म्हटलं तिथून. उद्या तुमच्या फोनमध्ये दोनेकशे पोलिसांची ओळखपत्रं जमली आणि फोन रिक्षात राहिला, तर? ओळखपत्र समोरासमोर बघायचं, नाव, ठाणं, बक्कल नंबर आणि काय घेतलं ते वहीत लिहायचं, सही घ्यायची, कार्ड परत द्यायचं. झेरॉक्स नको, फोटो नको.

आणि फुल सेट लागतो कुणाला, तेही सांगते. म्हाताऱ्या बाईला गल्लीत गाठून 'पुढे चोऱ्या चालल्यात आजी, दागिने काढून रुमालात बांधा' म्हणणारे तोतये बहुधा साध्या कपड्यात असतात. एखादं कार्ड दाखवलं की त्यांचं भागतं. वर्दीची खरी गिऱ्हाइकी वाढवली ती डिजिटल अरेस्टवाल्यांनी. व्हिडिओ कॉलवर समोर टेबल, मागे भिंतीवर पोलिसांचं चिन्ह, खुर्चीत खाकीतला साहेब आणि 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत'. कॅमेऱ्यात छातीपर्यंतच दिसतं, त्यामुळे साहेबाने खाली लुंगी नेसली असली तरी चालतं. लागतो फक्त शर्ट, दोन-तीन स्टार, फीत आणि कुठल्यातरी आडनावाची नेमप्लेट. म्हणजे तुमच्या 'फुल सेट'मधून पँट वजा केली की त्यांचा सेट तयार. पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये यावर बोलावं लागलं, इतकं हे वाढलं होतं. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, हे सुशिक्षितांनाही त्या क्षणी सुचत नाही. समोरची खाकी त्यांना सुचू देत नाही. (कुणाच्या घरात असा प्रकार घडला तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा, हे जाता जाता.)

म्हणून माझी रेघ अशी आहे. बूट, मोजे, बेल्टची साधी पट्टी, खाकी कापड, भरतीच्या तयारीला लागणारे शॉर्ट्स आणि बनियन, पॉलिशचं साहित्य, वर्दी टांगायची कव्हरं हे सगळं खुशाल ऑनलाइन विका. या मालाला तुमच्या दुकानाचं नाव पुरेसं आहे आणि भरतीची पोरं तो डोळे झाकून घेतील. स्टार, फिती, टोपीचा बॅज, नेमप्लेट, शिट्टीची दोरी, खांद्यावरची अक्षरं, म्हणजे ज्या वस्तू नुसत्या कपड्याला पोलीस बनवतात, त्या फक्त काउंटरवर, ओळख पाहून. कुरिअरने नाही, ओळखीच्याच्या ओळखीच्यालाही नाही. बाहेरगावी बदली झालेलं जुनं गिऱ्हाईक मागत असेल, तर त्याच्या ठाण्याच्या पत्त्यावर, त्याच्याच नावाने पाठवा. एवढा अपवाद मला मान्य आहे. घरच्या पत्त्यावर हवं म्हणाला तर हसून नाही म्हणायचं.

नाटक मंडळी आणि शूटिंगवाले येतात तेव्हा संस्थेच्या लेटरहेडवर पत्र घ्या. विकण्याऐवजी भाड्याने द्या आणि बॅज मुद्दाम खोटा द्या. टोपीवर 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हवंच असं काही नाही, तिसऱ्या रांगेतून ते वाचता येत नाही. सिक्युरिटी एजन्सीवाले मात्र जपून. 'जरा पोलिसासारखा दिसला पाहिजे आमचा गार्ड' ही मागणी तुम्ही ऐकली असेलच. खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्यात कलम २१ आहे. गार्डने पोलीस किंवा सैन्यदलासारखा दिसणारा गणवेश घातला, तर गार्ड आणि मालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यांना निळं, राखाडी काहीही शिवून द्या. सोलापूरला देशभरातून युनिफॉर्मच्या ऑर्डरी येतात, खाकीवाचून काही अडत नाही.

तुमच्या पेजचं नाव तुम्ही कळवलेलं नाही, पण अशा दुकानांची पेजं मी पाहिली आहेत. नावात 'महाराष्ट्र पोलीस', लोगोत पंचकोनी तारा, वर तीन सिंह. असं काही तुमचं असेल तर आजच बदला. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा वेगळा कायदा आहे. धंद्याशी सरकारचा संबंध असल्याचा भास होईल अशा तऱ्हेने सिंह छापले तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अशी सरकारी वाटणारी नावं धंद्याला लावण्याविरुद्ध १९५० चा कायदा आहेच. आजोबांच्या नावाने दुकान चालत आलं असेल, तर तेच नाव पेजला लावा. आणि 'पोलीस' लिहिलेले गाडीचे स्टिकर विकत असाल तर तेही बंद करा. ज्याच्या गाडीवर ते असतात त्याचा पोलीस खात्याशी संबंध बहुतेक वेळा मेव्हण्यामार्फतच असतो.

आर्मी प्रिंटचं थोडक्यात. सैन्याचा नवा कॉम्बॅट गणवेश १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला लोकांसमोर आला. निफ्ट या फॅशन संस्थेच्या मदतीने तयार केलेलं ते डिजिटल छापाचं डिझाइन सैन्याने नोंदवून घेतलंय. पहिले तयार संच सीएसडीच्या, म्हणजे लष्करी कॅन्टीन खात्याच्या डेपोंतून देण्यात आले, त्यात आपल्याकडचे मुंबई आणि खडकी होते. त्या छापाचं कापड बाजारात कुणी रोलने देऊ करत असेल तर ती नक्कल आहे. हात लावू नका. जुन्या पद्धतीच्या हिरव्या-तपकिरी छापाचे टी-शर्ट ट्रेकवाली पोरं राजगडावर, हरिश्चंद्रगडावर सर्रास घालतात आणि त्यावर सरसकट बंदी नाही, हे खरं. पण जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर लष्करी वेशातले अतिरेकी शिरले, तेव्हा सैन्याने नागरिकांना असे कपडे घालू नका आणि दुकानदारांना विकू नका असं आवाहन केलं होतं. शिवाय जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या १४४ खाली, अशा विक्रीवर काही काळापुरते निर्बंध घालू शकतात. असे आदेश साधारण दोन महिन्यांचे असतात आणि पुन्हा पुन्हा निघतात. तुमच्या आयुक्तालयाचा चालू आदेश आहे का ते विचारल्याशिवाय माल भरू नका. माझं मत विचाराल तर टी-शर्टात फार काही मिळत नाही, ती कटकट सोडा.

पदकांवर मी जरा रेंगाळणार आहे. तुम्ही वर्णन पाठवलं नाही, पण भंगारात सापडतात ती बहुतेक पहिल्या महायुद्धाची. चांदीचं गोल पदक, एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष. असं असेल तर ते ब्रिटिश वॉर मेडल. हेच पदक ब्राँझचं असेल तर ते सैन्याबरोबर गेलेल्या मजूर तुकड्यांतल्या माणसाचं असू शकतं. आता भिंग घ्या आणि पदकाची कड फिरवून पाहा, चपटी बाजू नाही, कड. तिथे बारीक ठशात क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ११० मराठा किंवा ११७ मराठा असं काही निघालं, तर तो माणूस सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेलेला असण्याची शक्यता आहे. याच डिव्हिजनला कुतच्या वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ ला शरण जावं लागलं.

ही पदकं आता शंभरी ओलांडलेली आहेत, आणि तुमच्या परदेशी गिऱ्हाइकाची अडचण तिथेच सुरू होते. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची, किमान शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावस्तूत मोडू शकते. पुरावस्तूचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणूस ती देशाबाहेर पाठवूच शकत नाही. पाठवली तर किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं. कुरिअरच्या फॉर्मवर 'जुनं नाणं' किंवा 'इमिटेशन ज्वेलरी' लिहून पाठवू, असं गिऱ्हाईक सुचवेल. त्याला ते करायची सवय असते, अडकता तुम्ही. पदक स्वातंत्र्यानंतरचं, भारतीय असेल, तर प्रश्न वेगळा. आर्मी ॲक्टच्या कलम ५४ प्रमाणे सेवेत असलेल्या सैनिकाने आपलं पदक विकणं किंवा गहाण टाकणं हाच गुन्हा आहे. मग ते भंगारात कसं आलं, चोरीचं तर नाही, हे आधी बघा आणि भंगारवाल्याकडून लेखी पावती घ्या.

कडेवर नाव वाचता आलं तर विकायच्या आधी एक काम करा. तो माणूस युद्धात मारला गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नाव शोधता येतं, आणि काही नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही सापडतं. सातारा जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंग्यासारख्या गावात अजून घरोघरी त्या युद्धाची आठवण काढतात. तिथल्या कुणाच्या पणजोबांचं पदक तुमच्या गल्ल्यात पडलेलं असू शकतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा, ते लोक अशा शोधात मदत करतात. यात पैसे मिळणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

राहिलं ते तुमच्या ऑर्डरचं. वडिलांना बरोबर घेऊन जवळच्या ठाण्यात जा. तुम्ही एकटे गेलात तर दोन तास बाकावर बसाल, वडिलांना तिथे आत बोलावून चहा देतील. साधा अर्ज लिहा : अमुक नंबरवरून पीएसआयच्या पूर्ण गणवेशाची मागणी आली, ओळखपत्र दिलं नाही, रक्कम आली ती त्याच खात्यात परत केली, माल दिलेला नाही. 'हा ठग आहे' असं काहीही लिहू नका, तसं ठरवणं तुमचं काम नाही. व्हॉट्सअॅपच्या संभाषणाची प्रिंट आणि पैसे परत केल्याचा पुरावा जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि सहीनिशी पोच घेऊन ती दुकानाच्या फायलीत लावा.